थोरली दोन वर्षांची, धाकटा तान्हा: पहिले काही महिने कसे निभवायचे

माझा धाकटा घरी आला तेव्हा थोरली सव्वादोन वर्षांची होती. चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. मी धाकट्याला पाजत बसले होते आणि ती कोपऱ्यात बाहुलीशी खेळत होती. तिनं बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि बोट उगारून म्हणाली, "थांब! बाळ पितंय." थोड्या वेळानं पुन्हा, "थांब! बाळ झोपलंय." माझ्या काळजात चर्र झालं. त्या चार दिवसांत तिनं माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली वाक्यं तीच होती.

दुसरं बाळ आलं की थोरल्याला मत्सर वाटतो, असं सगळे म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एवढ्याशा मुलीचं बाळाशी काही वाकडं नसतं. तिची मांडी गेलेली असते, कडेवरची जागा गेलेली असते, आणि हे कुणी तिला विचारून केलेलं नसतं. म्हणून या लेखातलं बरंचसं थोरल्या मुलाबद्दल आहे. तान्ह्या बाळाला काय लागतं ते एक मूल वाढवलेल्या आईबापांना ठाऊक असतं: दूध, झोप, कोरडे कपडे, ऊब, कुशी. नवखे आपण असतो ते दोघांना एकाच वेळी सांभाळण्यात.

(मी थोरली आणि धाकटा म्हणतेय ते माझ्या घरी तसं आहे म्हणून. तुमच्या घरी जे असेल ते धरून वाचा.)

१. बाळ यायच्या आधी

"अजून सहा महिन्यांनी" म्हणजे काय, हे दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्यामुळे सांगायची घाई नको. पण पोट दिसायला लागलं आणि येणारे-जाणारे त्यावर बोलायला लागले की लगेच सांगा. ही बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नका. सांगताना "तुला खेळायला भाऊ येणार" असं मात्र म्हणू नका. महिन्याभराचं बाळ खेळत नाही, आणि मग तिला फसवल्यासारखं होतं. खरं तेच सांगा: बाळ येईल, खूप झोपेल, खूप रडेल, त्याला चालता-बोलता येणार नाही. सोबत तिचेच तान्हेपणीचे फोटो दाखवा. ती किती रडायची, कुणाच्या खांद्यावर झोपायची, हे ऐकायला मुलांना फार आवडतं.

पलंग बदलणं, खोली बदलणं, शी-शूची सवय लावणं, पाळणाघर सुरू करणं यातलं जे करायचं असेल ते बाळंतपणाच्या दोन-तीन महिने आधी उरका. जमलं नाही तर बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत राहू द्या. आपला पलंग काढून बाळाला दिला, हे तिच्या डोळ्यांसमोर घडता कामा नये.

सगळ्यात मोठी तयारी मात्र वेगळीच असते: दुसऱ्या माणसाची सवय. अंघोळ, जेवण, झोपवणं सगळं एकट्या आईच्याच हातचं असेल, तर आई दवाखान्यात गेली त्या रात्री मुलीचं सगळंच एकदम सुटतं. आम्ही सातव्या महिन्यापासून झोपवायचं काम तिच्या बाबांकडे दिलं. पहिले आठ दिवस ती रडली आणि मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकलं. दोन आठवड्यांनी ती स्वतःच बाबांचा हात धरून झोपायला जायला लागली. पुढचे सहा महिने या एका सवयीनं आम्हाला तारलं.

दवाखान्यात जायची वेळ रात्री येऊ शकते. म्हणून आधीपासून सांगत राहा, "एक दिवस तू उठशील तेव्हा आजी असेल. आई बाळाला घेऊन परत येईल." ती झोपल्यावर काही न सांगता गेलात, तर पुढे कित्येक दिवस ती झोपायलाच घाबरते.

२. पहिली भेट

ती खोलीत येईल तेव्हा बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात किंवा खाटेवर असू द्या. तुमचे दोन्ही हात तिच्यासाठी मोकळे हवेत. बाळाकडे तिला तिच्या मनानं जाऊ द्या. "पापी दे ना बाळाची" असा आग्रह नको. दोन मिनिटं बघून ती खिडकीकडे पळाली, तरी भेट झाली.

सिझेरियन झालं असेल तर काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं डॉक्टर सहसा सांगतात, आणि दोन वर्षांचं मूल ११-१२ किलोचं असतं. उचलता येत नसलं तरी जवळ घेता येतं. तुम्ही बसा, पोटावर उशी ठेवा आणि तिला बाजूनं चढून कुशीत येऊ द्या. "बाळामुळे उचलता येत नाही" असं म्हणू नका, "आईच्या पोटाला बाऊ झालाय" म्हणा. जिथं जिथं बाळावर खापर फोडायची सवय लागते, तिथं तिथं ते वाक्य बदला.

भेटायला येणाऱ्यांना फोनवरच सांगून ठेवा: आल्यावर आधी थोरलीशी बोला. आणि "आता तू मोठी झालीस हं" हे वाक्य घरात बंद. ती दोनच वर्षांची आहे.

३. पाजायची वेळ

खरी कसोटी इथं लागते. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, आणि एकेका वेळेला वीस-तीस मिनिटं सहज जातात. म्हणजे थोरली जागी असताना पाच-सहा वेळा तरी आई एका जागी खिळलेली असते. आईला उठता येत नाही हे मुलांना दुसऱ्याच दिवशी कळतं. नळ सोडणं, खुर्चीवर चढणं, भिंतीवर रेघोट्या ओढणं, सगळं नेमकं तेव्हाच सुचतं.

आधी दोन मिनिटं काढा. बाळ चुळबुळ करायला लागलं, मुठी तोंडाकडे न्यायला लागलं की रडण्याची वाट न बघता उठा. थोरलीला शू करवून आणा, तिचं पाणी आणि खाऊ हाताशी ठेवा, खोलीचं दार लावून घ्या. ही दोन मिनिटं वाचवायला गेलात तर पुढची वीस वाया जातात.

जमिनीवर बसा. मी सुरुवातीला खुर्चीत बसून पाजायची. खुर्चीत मांडी एकच, आणि ती बाळानं घेतलेली. मग मी खाली गादी घातली आणि भिंतीला पाठ लावून बसायला लागले. खाली बसलं की आईला दोन बाजू असतात. थोरली एका बाजूला टेकायची, पाय माझ्या पायांवर टाकायची आणि तशीच खेळायची.

एक टोपली ठेवा, जी फक्त पाजायच्या वेळीच निघते. महागडं काही लागत नाही. झाकणांचे डबे, मोठ्या चित्रांची पुस्तकं, चार ठोकळे, जुने रुमाल एवढं पुरतं. आमच्या टोपलीत माझी एक जुनी, चेनची पर्स होती. चेन उघडायची, आत रुमाल कोंबायचा, चेन लावायची, पुन्हा उघडायची. चेन रुमालात अडकली की ती पर्स माझ्याकडे सरकवायची आणि मी मोकळ्या हातानं सोडवून द्यायची. असे पंधरा-वीस दिवस निघाले. दर आठवड्याला टोपलीतल्या एक-दोन वस्तू बदला, आणि पाजून झालं की टोपली नजरेआड ठेवा.

हात अडकलेले असले तरी तोंड मोकळं असतं, ते वापरा. गोष्ट सांगा, गाणं म्हणा, "लाल ठोकळा शोध बघू" म्हणा. त्या वीस मिनिटांत हातात फोन असेल तर हे काही साधत नाही.

"मलापण" म्हणून ती दुधासाठी आली, तर दचकू नका. सुटलेली सवय असेल तर बहुतेक मुलं एकदा तोंड लावून बघतात आणि निघून जातात. थोरली अजून अंगावर पीत असेल तर दोघांनाही पाजता येतं. फक्त पहिल्या दिवसांतलं चिकाचं दूध आधी बाळाच्या पोटात जाऊ द्या.

आता ते "थांब". बाळ असलेल्या घरात ते पूर्ण टाळता येत नाही, पण त्याची वाटणी करता येते. "थांब, बाळ पितंय" ऐवजी मी म्हणायला लागले, "माझे हात मोकळे झाले की आपण मनोरा बांधू." आणि हात मोकळे झाले की खरंच बांधायचा, आधी फोन बघायचा नाही. दुसरं, बाळालाही थांबायला सांगायचं, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं. ते शांत पडलेलं असलं तरी चालेल. "बाळा, थांब हां जरा. मी ताईचे बूट घालतेय." पहिल्यांदा मी हे म्हटलं तेव्हा तिनं बुटावरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "थांब हां जला." बोट उगारलं नाही. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

४. हात लावू द्या, एकटं सोडू नका

दोघांना खोलीत एकटं कधीही सोडायचं नाही, अर्धा मिनिटसुद्धा. मूल गुणी आहे की नाही याचा इथं संबंध नाही. दोन वर्षांच्या मुलाला आपल्या हातातला जोर कळत नाही, आणि मनात आलेलं थांबवता येत नाही. दाराची बेल वाजली की दोघांतल्या एकाला सोबत घेऊन जा.

पण "हात लावू नकोस" हेच दिवसभर चालू राहिलं, तर बाळ म्हणजे नुसती अडचण होऊन बसते. पाय आणि पोट तिचे, असं ठरवून द्या. "हळू" हा शब्द मुलांना समजत नाही. तिचा हात आपल्या हातात घेऊन बाळाच्या पायावरून फिरवा, मग समजतो.

तिच्या प्रेमातूनही धोका होतो, तिकडे लक्ष ठेवा. स्वतः खात असलेला घास ती बाळाच्या तोंडात घालेल. पहिले सहा महिने बाळाला दूधच, आणि तिला पटणारं कारण म्हणजे "बाळाला दात नाहीत". झोपलेल्या बाळाजवळ ती आपलं अस्वल ठेवेल, वरून पांघरूण घालेल. बाळानं उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर झोपायचं. आसपास उशी, मऊ खेळणी, सैल पांघरूण काही नको. अस्वल पायथ्याशी, गादीच्या बाहेर बसवा: "इथून ते पहारा देईल." दोघांना एका अंथरुणात शेजारी झोपवू नका. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल अशी कुठलीही वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते, तेव्हा खेळणी त्या मापानं निवडा. गोल चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या आणि छोटी लोहचुंबकं मुलांच्या हाती लागतील अशी नकोतच. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट दवाखाना गाठा.

तिनं मारलं तर हात धरा आणि आवाज न चढवता सांगा, "मारू देणार नाही. तुला राग आलाय. ये इकडे." मग घड्याळ बघा. बहुतेक वेळा ती भुकेलेली असते, झोपेला आलेली असते, नाहीतर बाळ तासभर तुमच्याच हातात असतं.

बाळाला काय वाटत असेल, याबद्दल तिच्याशी बोलत राहा. मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डन आणि कॅरल केन्ड्रिक यांनी ब्रिटनमधल्या ४० कुटुंबांचा, दुसरं मूल जन्मायच्या आधीपासून, घरी जाऊन अभ्यास केला होता. तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत आई पहिल्यापासून थोरल्याशी बाळाला काय हवंय, काय वाटतंय याविषयी बोलत असे, तिथली मुलं पुढे एकमेकांशी जास्त मायेनं वागताना दिसली. करायला हे सोपं आहे. "बघ, मान इकडेतिकडे फिरवतोय. काय हवं असेल त्याला?" एकदा आमची थोरली विचार करून "दुदू" म्हणाली आणि ते बरोबर निघालं. त्या दिवशी घरात येईल त्याला तिनं ते सांगितलं.

५. ती पुन्हा बाळ झाली तर

चड्डीत शू, बाटलीचा हट्ट, बोबडं बोलणं, "उचलून घे". हे होतंच आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. रागवू नका, लाज काढू नका. डायपर लागला तर काही न बोलता घाला. बाळ व्हायचं असेल तर पाच मिनिटं दुपट्यात गुंडाळून मांडीवर जोजवा. पोटभर मिळालं की ती स्वतःच उठून पळते.

६. दोघं एकदम रडायला लागली तर

हे रोज होणार आहे, म्हणून आधीच ठरवून ठेवा. आधी बघा: कुणाला लागलंय का, कुणी धोक्यात आहे का? असेल तर तिकडे धावा. तसं नसेल, आणि बाळाचं पोट भरलेलं, अंग कोरडं असेल, तर बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवा आणि थोरलीकडे जा. खाली बसा, जवळ घ्या. दोन-तीन मिनिटांच्या रडण्यानं निरोगी बाळाला इजा होत नाही. थोरलीला मात्र आई कुणाकडे गेली ते दिसतं, आणि ते लक्षात राहतं. शिवाय तिला शांत व्हायला बऱ्याचदा अर्धं मिनिट पुरतं. बाळाला समजवायला अर्धा तासही लागू शकतो, आणि तोवर दुसरीकडे भोकाड चालूच राहतं. सुरुवातीला मला हे निर्दयपणाचं वाटायचं. आता मी हेच सांगते.

बाळ भुकेनं रडत असेल तर क्रम उलटा. त्याला छातीशी लावा, थोरलीला बाजूला टेकवा.

बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं, तेही बहुधा संध्याकाळी, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच उतरतं. म्हणून संध्याकाळ हलकी करा. आम्ही थोरलीची अंघोळ दुपारच्या झोपेनंतर घ्यायला लागलो, तिचं जेवण तासभर अलीकडे आणलं. सात वाजता बाळ टाहो फोडायला लागायचं तोवर तिचं पोट भरलेलं असायचं, आणि निम्मी लढाई तिथंच संपायची.

आणि कधी डोक्यात तिडीक गेली, हात शिवशिवायला लागले, तर बाळाला सुरक्षित ठेवून दुसऱ्या खोलीत जा, कुणाला तरी फोन करा. बाळाला कधीही गदागदा हलवायचं नाही. त्यानं मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

७. झोप

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास लागतात, तीन वर्षांनंतर १० ते १३. दोघांच्या झोपा जुळवायच्या मागे लागू नका. दिवसातली एक जुळली तरी पुष्कळ, आणि ती जुळली की भांडी तशीच ठेवून तुम्हीही आडव्या व्हा. रात्री एकट्यानं झोपवायची वेळ आली, तर थोरलीच्या अंथरुणाशेजारी बसून बाळाला पाजत अंधारात गोष्ट सांगा. रोज तीच गोष्ट चालते. उलट तीच बरी.

८. तिची दहा मिनिटं

रोज दहा मिनिटं, फक्त ती आणि तुम्ही. बाळ झोपलेलं किंवा दुसऱ्याकडे. काय खेळायचं ते ती ठरवेल. फोन दुसऱ्या खोलीत. या वेळेला नाव द्या, म्हणजे तिला वाट बघता येते. आमच्याकडे ती "आपली वेळ" होती. सुट्टीच्या दिवशी अख्खी सकाळ देण्यापेक्षा ही रोजची दहा मिनिटं जास्त कामाची.

मदतीला आलेली माणसं बहुधा म्हणतात, "थोरलीला आम्ही फिरवून आणतो, तू बाळाकडे बघ." पाजून झालेलं असेल तर उलटं मागा. बाळ त्यांच्याकडे द्या आणि थोरलीला घेऊन तुम्ही चक्कर मारून या.

९. आजारपण

सर्दी-खोकला घरात थोरलीच आणणार. बाहेरून आल्यावर साबणानं २० सेकंद हात धुणं, आणि पापी पायाची, तोंडाची नाही, हे दोन नियम पाळा. घरातल्या सगळ्यांच्या लसी पूर्ण आहेत ना ते बघा. डांग्या खोकला मोठ्यांना साध्या खोकल्यासारखा वाटू शकतो, तान्ह्यांच्या मात्र जिवावर बेततो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी औषध देत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. पिणं सोडलं, श्वास जोरजोरात चालला, बाळ मलूल पडलं, तरी तेच.

१०. तुम्ही

पहिले पंधरा दिवस उगाच रडू येणं, थोरलीकडे बघून गलबलून येणं, हे फार जणींना होतं. पण ते दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप लागेनाशी झाली, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, तर घरात सांगा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बापालाही तो होऊ शकतो.

११. धाकटा रांगायला लागला की

साधारण सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान सगळं पुन्हा एकदा हलतं. इतके दिवस एका जागी पडून असलेला हा प्राणी आता सरळ तिच्या मनोऱ्यावर येतो. "बाळ आहे ना, दे त्याला" असं म्हणू नका. त्याच्या हाताला लागणार नाही असं एक उंच टेबल तिला द्या, आणि कुणालाही द्याव्या लागणार नाहीत अशा चार-पाच वस्तू तिच्या म्हणून ठरवा. आमची थोरली वर मनोरा बांधायची आणि धाकटा टेबलाचा पाय धरून खाली बसून वर बघायचा. मधेच ती एखादा ठोकळा निवडून त्याला खाली द्यायची, नळीतून न जाणारा, मोठा. कुठला द्यायचा ते तीच ठरवायची.